कारखान्यातलं डेटा इंजिनिअरिंग : बँकेचा प्रोजेक्ट सोडून महापे गाठावं का?

खाडीपल्याड

नमस्कार मंडळी,

राहायला कळव्याला, नोकरी ऐरोलीत. बँकेच्या प्रोजेक्टवर डेटा इंजिनिअर आहे. एसक्यूएल, पायथन, स्पार्क, एअरफ्लो, सगळं अ‍ॅझ्युरवर. रात्री बॅच चालते, सकाळी रिपोर्ट जातात, मध्येच ऑडिटवाले येऊन डोकं खातात. काम वाईट नाही, पण नवीन काही शिकतोय असं हल्ली वाटत नाही.

महापे एमआयडीसीतल्या एका कंपनीची ऑफर आली आहे. गाड्यांचे प्लास्टिकचे पार्ट बनवतात, इंजेक्शन मोल्डिंगची मशीनं आहेत. ‘मशीनचा डेटा क्लाउडवर आणायचाय, तुम्ही आमचे पहिले डेटा इंजिनिअर’ असं एचआरचं म्हणणं. प्लँट हेडनी मात्र एकच विचारलं, ‘कंट्रोल पॅनेल उघडलेलं कधी बघितलंय?’ नाही म्हटल्यावर ‘हरकत नाही, दाखवू’ म्हणाले आणि चहा मागवला.

पगारात फारसा फरक नाही. घरचे म्हणतात आयटी पार्क सोडून कारखान्यात कशाला. मला जाणून घ्यायचंय ते एवढंच, की हे काम प्रत्यक्षात काय असतं, बँकेत शिकलेलं त्यात किती चालतं आणि दोन-तीन वर्षांनी परत फिरायचं झालं तर दार उघडं असतं का. ठाणे-बेलापूर पट्ट्यात हे करणारं कुणी असेल तर जरा सविस्तर लिहा.

बंड्या_बिनपगारी

‘पहिले डेटा इंजिनिअर’ म्हणजे प्रिंटर अडकला तरी हाक तुम्हालाच. हलके घ्या. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

मनवा_घणसोली

मी रबाळ्याला हेच काम करते. आधी टेलिकॉमच्या प्रोजेक्टवर होते, त्यामुळे शंका ओळखीच्या आहेत.

मशीन चालवतो तो पीएलसी, म्हणजे पॅनेलमधला छोटा कंट्रोल कॉम्प्युटर. त्यातले आकडे वाचायला शेजारी एक गेटवे किंवा साधा इंडस्ट्रियल पीसी बसवतात. तो खाली पीएलसीशी ओपीसी यूए नाहीतर मॉडबसमध्ये बोलतो, वर क्लाउडशी एमक्यूटीटीत. या तिन्ही यंत्रांनी आपसात बोलायच्या ठरलेल्या भाषा. अ‍ॅझ्युर असेल तर वर आयओटी हब, एडब्ल्यूएस असेल तर आयओटी कोअर, म्हणजे मशीनचा डेटा आत घेणारी क्लाउडची सेवा. तिथून पुढे स्टोरेज, स्पार्क, ब्राँझ-सिल्व्हर-गोल्ड (कच्चा, साफ केलेला आणि रिपोर्टसाठी तयार डेटा, असे तीन थर) आणि डॅशबोर्ड. या ‘तिथून पुढे’त तुम्हाला काही नवीन वाटणार नाही, आणि तो भाग एकूण कामाच्या निम्माही नाही.

डोकं खातो तो खालचा भाग. बँकेच्या टेबलात कॉलमला निदान नाव असतं. इथे ‘डीबी१२.डीबीडी४०’ असा पत्ता हातात येतो. ते बॅरलचं, म्हणजे प्लास्टिक वितळवणाऱ्या नळीचं, तापमान आहे, सेटपॉइंट (ठरवून दिलेला आकडा) आहे, की कुणी टेस्टिंगसाठी ठेवलेली आणि मग विसरलेली जागा, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाच ठाऊक. प्रोग्रॅम मशीनबरोबर परदेशातून आलेला, कॉमेंट जर्मन नाहीतर चिनी भाषेत, पासवर्ड मशीनवाल्याकडे. मग राहतो मेंटेनन्समधला एखादा जुना माणूस आणि त्याची डायरी. त्याच्याशी जमलं तर प्रोजेक्ट उभा राहतो.

दुसरं म्हणजे वेळ. आमच्या पाळ्या ७ ते ३, ३ ते ११, ११ ते ७. क्लाउडवर टाइमस्टॅम्प यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत), आपण साडेपाच तास पुढे. म्हणजे यूटीसीची तारीख बदलते आपल्या पहाटे ५:३० ला, नाइट सुटायला दीड तास असताना. त्या तारखेवर पार्टिशन केलं, म्हणजे डेटाचे कप्पे पाडले, की रात्रपाळीचे साडेसहा तास एका दिवसात आणि दीड तास दुसऱ्या दिवसात. भारतीय वेळ घेतली तरी मध्यरात्री तुकडा पडतोच. कारखान्याचा दिवस सकाळी ७ ला सुरू होतो, रात्री २ ला निघालेला पार्ट आदल्या दिवसाच्या उत्पादनात धरतात. म्हणून भारतीय वेळेतून सात तास वजा करून येणारी तारीख आम्ही सिल्व्हरमध्येच ‘उत्पादन-तारीख’ म्हणून वेगळ्या कॉलमात ठेवतो आणि सगळे रिपोर्ट तिच्यावर चालवतो. मूळ यूटीसी तशीच राहते. कोड एका ओळीचा आहे, पण सुपरवायझर रजिस्टरमध्ये तारीख कशी टाकतो हे बघितल्याशिवाय तो सुचत नाही.

टॅगमास्तर

मनवाताईंशी सहमत. मी इन्स्ट्रुमेंटेशनचा, डिप्लोमावाला, आयुष्य पॅनेलच्या दारात गेलं. डेटावाली पोरं सुरुवातीला कुठे अडकतात ते सांगतो.

मॉडबस १९७९ चा. त्याचं रजिस्टर १६ बिटचं, ० ते ६५५३५ एवढंच त्यात मावतं. चिलरचं तापमान उणे २.० अंश असेल तर कंट्रोलर दहाने गुणून उणे २० ठेवतो. गेटवेत कुणी ‘अनसाइन्ड’ (उणे आकडा नसतोच असं धरणारा प्रकार) निवडलं असेल तर तेच वाचलं जातं ६५५१६, आणि दहाने भागून तुमच्या डॅशबोर्डवर ६५५१.६ अंश. हा आकडा निदान डोळ्यांत खुपतो. खरा त्रास ३२ बिटच्या फ्लोटचा, म्हणजे दशांश आकड्याचा. तो दोन रजिस्टरांत पसरलेला असतो आणि आधी कुठला अर्धा ठेवायचा हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. एनर्जी मीटर जळला, स्टोअरमधून दुसऱ्या कंपनीचा काढून बसवला, की दोन्ही अर्धे उलटे. कधी अफाट आकडा येतो, कधी शून्याला चिकटून काहीतरी. शून्याला चिकटलेला आला की सगळे समजतात मशीन बंद आहे. मीटर बदलल्याचं तुम्हाला कुणी कळवणार नाही, तेवढं गृहीत धरा.

थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) तुटला तर बरेच कंट्रोलर मुद्दाम रीडिंग वरच्या टोकाला नेतात, हीटर बंद व्हावा म्हणून. ते तापमान नव्हे, ती तक्रार आहे. ओपीसी यूएमध्ये प्रत्येक किमतीबरोबर क्वालिटी येते, गुड, बॅड, अनसर्टन. पाइपलाइनवाले जागा वाचवायला तोच कॉलम आधी उडवतात. कृपा करून उडवू नका.

लॅपटॉप घेऊन मशीनपाशी उभं राहायचं आणि प्रत्येक टॅग, म्हणजे मशीनमधून वाचायचा एकेक आकडा, मशीनच्या स्क्रीनवरच्या आकड्याशी एकदा ताडून बघायचा. कंटाळवाणं आहे. दुसरा मार्ग मला माहीत नाही.

वागळे_वर्कशॉप

वागळे इस्टेटला माझं लहान मशीन शॉप आहे. ‘इंडस्ट्री ४.०’ म्हणत कुणी ना कुणी सेल्सवाला येतच असतो. माझा साधा सवाल. मशीनचे आकडे माझ्या केबिनमधल्या पीसीवर दिसत असताना दर महिन्याला क्लाउडचं बिल मी का भरू? आणि नेट गेलं तर? १२ ऑक्टोबर २०२० ला ग्रिड बसलं, मुंबई-ठाणे-नवी मुंबई सगळीकडे अंधार. तेव्हा तुमचा क्लाउड काय करत होता?

खाडीपल्याड, तुम्हाला परावृत्त करत नाहीये, पण मालकाच्या बाजूनेही कुणीतरी बोलावं.

मनवा_घणसोली

वर्कशॉप काका, तुमच्या आकाराला नकोच. एका छताखाली दहा-बारा मशीनं असतील तर पीसीवरचा डेटाबेस पुरतो, वर फक्त बॅकअप पाठवा. क्लाउडचा फायदा दिसतो तो तोच पार्ट महाप्यात, चाकणला आणि साणंदला बनत असेल आणि तिन्हीकडचा सायकल टाइम (एका पार्टला लागणारा वेळ) शेजारी ठेवून बघायचा असेल तेव्हा.

ग्रिड गेलं तेव्हा मशीनंही थांबली होती, त्यामुळे मोजायला फारसं काही नव्हतं. अडचणीचा दिवस तो, जेव्हा मशीन जनरेटरवर चालू असतं आणि नेट बंद. एमक्यूटीटी मुळात १९९९ मध्ये तेलाच्या पाइपलाइनचा डेटा सॅटेलाइटवरून आणायला लिहिला, भरवशाचं नेट नाही हे धरूनच. गेटवे डेटा स्वतःकडे साठवतो, नेट आलं की वर ढकलतो. मग प्रश्न आपल्याकडे येतो, कारण दुपारी घडलेलं रात्री पोचतं. डेटा पोचल्याच्या वेळेवर रिपोर्ट बांधला असेल तर दुपारचं उत्पादन शून्य आणि रात्रीचं दुप्पट. घडल्याची आणि पोचल्याची अशा दोन्ही वेळा ठेवायच्या, हिशोब घडल्याच्या वेळेवर करायचा आणि मागचे काही दिवस पुन्हा मोजायची सोय पहिल्यापासून ठेवायची.

बिलाबाबत तुमची शंका रास्त आहे. ५०० टॅग दर सेकंदाला पाठवले तर दिवसाला ४ कोटी ३२ लाख ओळी होतात. बॅरल २१० अंशावर स्थिर बसलेलं असताना ‘२१०, २१०, २१०’ वर पाठवून कुणाचं भलं होतं? गेटवेवरच डेडबँड लावायचा, अर्ध्या अंशाहून जास्त बदललं तरच पाठव. मात्र ‘बदललं नाही’ आणि ‘गेटवे मेला’ यातला फरक कळायला अधूनमधून एक ठोका जात राहिला पाहिजे. आणखी एक, दर दहा सेकंदाला एक फाइल लिहिली तर एका लाइनच्या दिवसाला ८६४० फाइली. स्टोरेज स्वस्त असतं, पण एवढ्या चिंधी फाइली उघडून वाचण्यात स्पार्कचा वेळ जातो आणि बिल तिथे फुगतं. रोज त्या जोडून मोठ्या करायचं काम लावावंच लागतं.

गेटकीपर_नेरूळ

सिक्युरिटीबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून.

पीएलसी थेट इंटरनेटला जोडू देऊ नका, कुणी कितीही घाई केली तरी. मॉडबसमध्ये पासवर्ड नावाची गोष्टच नाही. ५०२ पोर्टवर जो पोचला तो वाचतो आणि लिहितोही. मशीनचं नेटवर्क वेगळं, ऑफिसचं वेगळं, मध्ये डीएमझेड, म्हणजे दोन्हींपासून तोडलेला मधला पट्टा, आणि त्यात गेटवे. गेटवेतून फक्त बाहेर जाणारं कनेक्शन, एमक्यूटीटी टीएलएसचं (कुलूपबंद केलेलं) ८८८३ पोर्ट. आत येणारं काहीही नाही. आणि क्लाउडमधून मशीनला किंमत लिहायची सोय, मागितली तरी, पहिल्या वर्षी देऊ नका. फक्त वाचायचं.

जुनी स्काडा (मशीनांवर देखरेख ठेवणारं सॉफ्टवेअर) असेल तर ओपीसी डीए, म्हणजे ओपीसीचा जुना प्रकार, भेटेल, ते विंडोजच्या डीकॉमवर, प्रोग्रॅमांनी एकमेकांशी बोलायच्या जुन्या सोयीवर, चालतं. मार्च २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने डीकॉमचे कडक नियम सक्तीचे केले तेव्हा एका प्लँटमध्ये नेहमीचा विंडोज अपडेट झाला आणि डेटा यायचा थांबला. क्लाउड टीम स्वतःचा कोड उसवत बसली होती. तिकडे अपडेट कुणी, केव्हा टाकतं हे आधी विचारून ठेवा.

घड्याळांचंही बघा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सगळ्या यंत्रणांची घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल (राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा) या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळलेली असावी लागतात, लॉग १८० दिवस ठेवावे लागतात आणि सायबर घटना सहा तासांत कळवावी लागते. सर्व्हरचं घड्याळ आयटीवाले जुळवतात. पीएलसीचं कुणाच्याच यादीत नसतं, ते वर्षभरात बिनदिक्कत काही मिनिटं सरकतं.

दुसरीपाळी

तळोज्याला प्रॉडक्शनमध्ये आहे. डेटावाल्यांमुळे ज्याची सकाळची मीटिंग बिघडते तो मी.

ओईई, म्हणजे मशीनचा खरा उपयोग किती झाला त्याचा टक्का. उपलब्धता गुणिले वेग गुणिले दर्जा, हे पुस्तकात वाचायला सोपं आहे. आता एक पाळी घ्या. ४८० मिनिटं, जेवण-चहाची ३० वजा, उरली ४५०. मशीन ६० मिनिटं थांबलं, त्यातली ४० मोल्ड (साचा) बदलायला. एका पार्टला ३० सेकंद. निघाले ७००, चांगले ६८०. चांगल्या पार्टना लागायला हवा होता तो वेळ ३४० मिनिटं. ३४० भागिले ४५०, ओईई ७५.६ टक्के. आता कुणी म्हणालं की मोल्ड बदलणं तर प्लॅनमध्येच होतं, ती ४० मिनिटं आधीच वजा करा. ३४० भागिले ४१०, झाले ८२.९. मशीन तेच, माणसं तीच, पार्ट तेवढेच.

आमच्याकडे प्रॉडक्शन एक धरायचं, हेड ऑफिस दुसरं. नवीन डेटा इंजिनिअरनी कुठल्यातरी वेबसाइटवरची व्याख्या घेऊन तिसरा आकडा काढला आणि टीव्हीवर लावला, तोही लाइनच्या डोक्यावर, लाल रंगात. ऑपरेटरनी काय करावं? थांबल्याचं कारण निवडायच्या स्क्रीनवर सगळे ‘इतर’ दाबायला लागले. कारण ‘सेटिंग’ दाबलं की सेटरला बोलणी आणि ‘मटेरियल नाही’ दाबलं की स्टोअरशी भांडण. त्या महिन्याचा कारणांचा डेटा कुणाच्याच कामाचा उरला नाही.

बंड्या_बिनपगारी

८२.९ वाली पद्धत आमच्या अप्रेझललाही लावा कुणीतरी.

निळावंती

तुर्भ्याला औषध कंपनीत आहे, त्यामुळे आमचं थोडं निराळं.

माल अमेरिकेला जातो, म्हणून तिथल्या एफडीए या औषध नियामकाचे इलेक्ट्रॉनिक नोंदींचे १९९७ चे नियम, पार्ट ११, आम्हाला लागू. नोंद कुणी केली, कधी केली, बदलली तर आधीची किंमत काय होती, हे सगळं दिसलं पाहिजे. बाकी ठिकाणी रिकाम्या जागी मागची किंमत भरून टाकतात, आमच्याकडे तसं कच्च्या डेटात केलं तर तपासणीत थेट प्रश्न येतो. सेन्सर चार मिनिटं गप्प होता तर चार मिनिटं रिकामीच दिसली पाहिजेत आणि का गप्प होता त्याची नोंद शेजारी. भरायचंच असेल तर पुढच्या थरात, वेगळ्या कॉलमात, भरलेलं आहे अशी खूण करून.

पाइपलाइनमध्ये एक ओळ बदलायची तरी चेंज कंट्रोल, टेस्ट स्क्रिप्ट, सह्या. आयटीतून आलेल्यांचा इथे जीव जातो. पण खाडीपल्याड, तुम्ही बँकेच्या ऑडिटला वैतागता म्हणालात ना, तीच सवय या पट्ट्यात सोन्याच्या भावाने जाते. कुठला आकडा कुठून आला हे मागे मागे जाऊन दाखवता येणं बँकवाल्यांना हाडात भिनलेलं असतं.

पॉलिटेक्निक_पोरगा

मी डिप्लोमा शेवटच्या वर्षाला आहे. या लाइनमध्ये यायचं तर कुठलं सर्टिफिकेशन करू? सीनिअर म्हणतात मायक्रोसॉफ्टची डेटा इंजिनिअरची डीपी-२०३ परीक्षा कर.

मनवा_घणसोली

अरे, डीपी-२०३ मायक्रोसॉफ्टने मार्च २०२५ मध्येच बंद केली. आता फॅब्रिकची (त्यांच्याच डेटा प्लॅटफॉर्मची) डीपी-७०० आहे. एडब्ल्यूएसची डेटा इंजिनिअर असोसिएटही चालते. पण सर्टिफिकेटच्या मागे धावण्याआधी एसक्यूएल पक्कं कर, विंडो फंक्शन झोपेत लिहिता आली पाहिजेत. मशीन कधी थांबलं आणि किती वेळ थांबलं हे काढायला रोज तीच लागतात. एखाद्या सेवेच्या नावाला चिकटू नकोस, गूगलने आपलं आयओटी कोअर ऑगस्ट २०२३ मध्ये बंद केलं तेव्हा ज्यांचं सगळं त्याच्यावर बांधलेलं होतं त्यांची पळापळ झाली. साधा एमक्यूटीटी ब्रोकर (निरोप पुढे पोचवणारा सर्व्हर) वापरणाऱ्यांनी पत्ता बदलला आणि पुढे गेले.

टॅगमास्तर

पोरा, तू डिप्लोमावाला आहेस, तुझ्याकडे पॅनेल आहे. ते आयटीवाल्यांना दोन वर्षांत येत नाही. लॅडर, म्हणजे पीएलसीचा प्रोग्रॅम, वाचायला शीक, पायथन रात्री घरी शीक. उलट क्रमाने जमत नाही असं माझं मत, कुणाला राग येवो.

खाडीपल्याड

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. दार उघडं राहण्याचा प्रश्न तेवढा राहिला.

मनवा_घणसोली

उघडं असतं. उशिरा येणारा डेटा, स्ट्रीमिंग, टाइम सीरिज, हे हाताळलेलं माणूस पेमेंट कंपन्यांनाही हवं असतं. अट एकच, कोड गिटमध्ये आणि पाइपलाइन नीट बांधलेली असू दे. काही प्लँटमध्ये ‘पहिले डेटा इंजिनिअर’ वर्षभर एक्सेलच जोडत बसतात. तसं झालं तर मात्र परत येताना इंटरव्ह्यूत सांगायला काही उरत नाही. ऑफर घेण्याआधी विचारा, गेटवे बसलेत की अजून खरेदीच्या फाइलीत आहेत.

खाडीपल्याड

अपडेट. काल प्लँटवर जाऊन आलो, कोपरखैरणेहून शेअर रिक्षाने. मेंटेनन्सच्या साहेबांनी खरोखरच पॅनेल उघडून दाखवलं. अर्ध्या मशीनांवर गेटवे बसलेत, उरलेल्यांची ऑर्डर गेली आहे. टॅग लिस्ट विचारली तर एक्सेल निघालं, मूळ बनवणारा माणूस नोकरी सोडून गेलाय, पण निम्म्याहून जास्त ओळींना मराठीत शेरे आहेत. ‘हा बंद आहे’, ‘हा खोटं बोलतो’, ‘पावसात बघू नये’. क्लाउडचं बिल आयटीच्या खात्यातून जातं.

मग ओईईचं विचारलं. प्रॉडक्शन आणि क्वालिटीच्या मॅनेजरनी एकाच टेबलावर दोन वेगळी उत्तरं दिली. प्लँट हेड म्हणाले, ‘हेच तर तुम्ही येऊन ठरवायचंय.’

ऑफर घेतली. नोटीस तीन महिन्यांची आहे.

टॅगमास्तर

अभिनंदन! ते एक्सेल आधी स्वतःकडे कॉपी करून घ्या, शेऱ्यांसकट. ‘पावसात बघू नये’ म्हणजे कुठल्यातरी जंक्शन बॉक्समध्ये पाणी जातंय.

दुसरीपाळी

ओईई तुम्ही ठरवू नका. दोघांना बसवा, एका कागदावर लिहून घ्या आणि प्लँट हेडची सही घ्या, मगच कोड लिहा. नाहीतर आकडा खाली गेला की तो ‘डेटावाल्याचा आकडा’ होतो.

मनवा_घणसोली

त्या कागदावर मोल्ड बदलायचा वेळ कुठून कुठपर्यंत मोजायचा हेही लिहून घ्या. जुन्या मोल्डचा शेवटचा चांगला पार्ट ते नव्या मोल्डचा पहिला चांगला पार्ट, असं धरतात. पीएलसीला फक्त मशीन थांबलं आणि सुरू झालं एवढंच कळतं, सुरू झाल्यावर सेटिंगचे टाकाऊ पार्ट निघतात तो वेळ त्यात येत नाही. तो काढायला क्वालिटीची पहिल्या पार्टच्या मंजुरीची नोंद जोडावी लागेल. ती कागदावर आहे की सिस्टिममध्ये, हे जॉइन व्हायच्या आधीच विचारून घ्या.